थंडी वरून उतरते : प्रस्तावना

घरातील ज्या यंत्राला वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे २४ तास जुंपलेले असते, आणि तरीही ज्याच्या पाठीमागे डोकावण्याची वेळ सहसा ते बंद पडल्यावरच येते, असे यंत्र म्हणजे शीतकपाट, अर्थात रोजच्या बोलण्यातला फ्रिज. प्रस्तुत पुस्तक त्याच्या एकाच रचनेविषयी आहे : वरच्या लहान दारामागे बर्फाचा कप्पा म्हणजे फ्रीजर, आणि खालच्या मोठ्या दारामागे दूध, भाजी, उरलेसुरले अन्न ठेवण्याचा मुख्य कप्पा. दुकानात या रचनेला ‘डबल डोअर’ म्हणतात. ती इतकी अंगवळणी पडली आहे की फ्रीजर वरच का असतो, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडत नाही आणि विकणाराही त्याचे उत्तर देत नाही. या पुस्तकातील विवेचन त्याच प्रश्नापासून सुरू होते. थंड हवा गरम हवेपेक्षा जड असते म्हणून ती खाली उतरते, आणि त्या उतरत्या हवेची वाट ज्याला नीट समजली त्याला फ्रिजची मांडणी, त्याचे माप आणि त्यातील बहुतेक बिघाड एकाच धाग्याने समजतात, अशी या लेखनामागची धारणा आहे.

हा विषय अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूभागाच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. १७,०४८ चौरस किलोमीटरचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई-घाटघरचा धुवाधार पाऊस, आणि पूर्वेला व दक्षिणेला पारनेर, पाथर्डी, जामखेड, कर्जत हा पर्जन्यछायेतला कोरडा टापू. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकते, आणि सुकताना ते भोवतालची उष्णता घेऊन जाते. द्रवाची वाफ होण्यासाठी जी उष्णता लागते पण जिने तापमापीतला पारा चढत नाही, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. माठाच्या अंगातून १०० ग्रॅम पाणी पाझरून उडून गेले आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच घेतली गेली, तर साडेपाच लिटरांहून थोडे अधिक पाणी १० अंशांनी गार होऊ शकते. मुंबईच्या दमट हवेत जो माठ जेमतेम काम करतो, तोच नगरच्या चैत्र-वैशाखात पाणी गारेगार ठेवतो, याचे कारण मातीत कमी आणि हवेत जास्त आहे. माठाखालची ओली वाळू, रांजणाभोवती गुंडाळलेले गोणपाट, कोथिंबिरीच्या जुडीवरचे ओले फडके, दुधाचे भांडे पाण्याच्या परातीत ठेवण्याची रीत, ही सारी एकाच तत्त्वाची रूपे आहेत. फ्रिजही तेच तत्त्व वापरतो. फरक इतकाच की माठातून निघालेली वाफ वाऱ्यावर जाते, तर फ्रिज आपली वाफ नळीत कोंडून ठेवतो, दाबून तिचा पुन्हा द्रव करतो आणि तोच द्रव पुन्हा पुन्हा कामाला लावतो.

हवेच्या चढउताराचे ज्ञानही या जिल्ह्याला परके नाही. येथील कांदाचाळ जमिनीपासून उचलून बांधतात, तिच्या तळाला व बाजूंना फटी ठेवतात, म्हणजे कांद्याच्या राशीत तयार झालेली ऊब वर चढून निघून जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येते. चाळीत ऊब वर सोडायची असते, तर फ्रिजमध्ये थंडी खाली सोडायची असते. ज्या शेतकऱ्याला चाळीत पोती भिंतीला चिकटवून रचू नयेत हे सांगावे लागत नाही, त्याला फ्रिजच्या मागच्या भिंतीवरील हवेच्या झरोक्यासमोर डबा का ठेवू नये, हे एका वाक्यात समजते.

अन्न थंड ठेवण्याची निकड येथे दुधामुळे आधी जाणवली. संगमनेरचा राजहंस, कोपरगावचा गोदावरी खोरे, अकोल्याचा अमृतसागर यांसारखे सहकारी दूध संघ या जिल्ह्यात वाढले, आणि गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध ४ अंशांच्या आसपास उतरवणारी शीतटाकी, म्हणजे बल्क कूलर, घरातील फ्रिजइतकीच ओळखीची झाली. तापमान उतरले की दुधातील जिवाणूंची वाढ मंदावते. जिवाणू मरत नाहीत, ते केवळ संथ होतात. घरातील फ्रिजकडून अनेकांची अपेक्षा याहून मोठी असते. आंबू लागलेले दूध फ्रिज परत गोड करीत नाही, ही साधी मर्यादा स्वीकारली की त्याच्याकडून काय मागावे हेही ठरते.

यांत्रिक शीतकरणाचा इतिहास युरोप-अमेरिकेत घडला. १८३४ मध्ये जेकब पर्किन्स यांनी ईथरची वाफ दाबून पुन्हा द्रव करण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले, तरी त्यानंतर कित्येक दशके घरगुती थंडी म्हणजे नैसर्गिक बर्फच होता. १८३३ मध्ये बॉस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले. पाश्चात्त्य घरांत जी बर्फपेटी असे, तिची रचना या पुस्तकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे : भुसा किंवा बुचाचे आवरण असलेले लाकडी कपाट, त्याच्या वरच्या खणात बर्फाची लादी, खालच्या खणांत अन्न, आणि तळाशी वितळलेले पाणी गोळा करणारे तसराळे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विजेवर चालणारे घरगुती फ्रिज आले तेव्हा बर्फाच्या लादीची जागा थंड नळीच्या वेटोळ्याने घेतली, पण वरचा खण थंडीचा आणि खालचा अन्नाचा ही वाटणी कायम राहिली. १९२७ च्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्ध ‘मॉनिटर टॉप’ फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर कपाटाच्या डोक्यावर बसवलेला होता; पुढे तो खाली पाठीमागे गेला आणि थंडी वर, उष्णता खाली अशी आजची मांडणी पक्की झाली. तळाचे तसराळेही नाहीसे झाले नाही. आज ते कॉम्प्रेसरच्या माथ्यावर प्लास्टिकच्या ट्रेच्या रूपात असते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने त्यातले पाणी आपोआप उडून जाते.

भारतात १९५८ मध्ये गोदरेजने विक्रोळीत देशी बनावटीचा फ्रिज तयार केला, आणि त्यानंतर महाराष्ट्र हे या उद्योगाचे एक मोठे घर बनत गेले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉन, आणि नगर-पुणे रस्त्यावर शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजी, हायर असे उत्पादक आले. पारनेर तालुक्यातील सुपे येथेही मिडियासारख्या कंपनीमुळे वातानुकूलन यंत्रांचे उत्पादन सुरू झाले. रांजणगावातून निघालेला फ्रिज नगरच्या दुकानात पोचायला दोन तासही लागत नाहीत. असे असूनही त्या यंत्राच्या अंतर्रचनेविषयी मराठीत सविस्तर लेखन विरळ आहे, आणि ही उणीव प्रस्तुत पुस्तकाला फार मोठी वाटते.

नळीत फिरणाऱ्या द्रवाला प्रशीतक म्हणतात. कारागीर त्याला ‘गॅस’ म्हणतात. १९३० च्या सुमारास आलेला आर-१२ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन न जळणारा व बिनविषारी म्हणून सर्वत्र रुजला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी तो ओझोनच्या थराला घातक असल्याचे दाखवले, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याची गच्छंती सुरू झाली. त्यानंतर आर-१३४ए आला, जो ओझोनला निरुपद्रवी असला तरी पृथ्वीचे तापमान वाढवण्यात वाटा उचलतो. आज घरगुती फ्रिजमध्ये प्रामुख्याने आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील ब्युटेनचे हे भावंड असल्यामुळे तो पेट घेतो. मात्र त्याचे प्रमाण फ्रिजमध्ये सहसा काही दशक ग्रॅम एवढेच असते.

शीतकरणाच्या पद्धतींतही घराणी आहेत. वाफ दाबून चालणारे घराणे आज सर्वव्यापी आहे. ज्योतीच्या किंवा हीटरच्या उष्णतेवर चालणारे शोषण-पद्धतीचे फ्रिज एके काळी वीज नसलेल्या ठिकाणी लसी टिकवण्यासाठी उपयोगी पडले. तिसरे, अर्धवाहकाच्या जोडावर चालणारे लहान शीतपेट्यांचे घराणे येथे केवळ उल्लेखापुरते पुरे. ग्राहकाच्या दृष्टीने खरा भेद वाफ दाबणाऱ्या घराण्याच्या आतच आहे, आणि तो आहे ‘डायरेक्ट कूल’ व ‘फ्रॉस्ट फ्री’ यांमधला.

डायरेक्ट कूल प्रकारात, म्हणजे १६५ ते २०० लिटरांच्या ओळखीच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये, वरचा बर्फाचा डबा हाच थंडीचा उगम असतो. त्याच्या पत्र्यातून शीतक नळी फिरते, हवा त्याला लागून गार होते आणि आपल्या वजनाने खाली उतरते. पंखा नसतो. बाहेरून आलेला ओलावा त्या पत्र्यावर हिमाच्या थरासारखा साचतो आणि तो ठरावीक काळाने बटण दाबून वितळवावा लागतो. फ्रॉस्ट फ्री प्रकारात थंड नळीचे वेटोळे फ्रीजरच्या मागच्या भिंतीआड दडलेले असते, पंखा तिच्यावरून हवा फिरवतो आणि त्या हवेचा काही भाग एका वाहिनीतून खालच्या कप्प्यात सोडतो. वेटोळ्यावरचे हिम लहान हीटर ठरावीक काळाने वितळवतो. दोन दारांचे बहुतेक फ्रिज याच प्रकारचे असल्यामुळे पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे, परंतु साध्या प्रकाराला मागास ठरवणे येथे जाणीवपूर्वक टाळले आहे. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे होण्यापूर्वी, दिवसातून कित्येक तास भारनियमन असे तेव्हा, डब्यावर जमलेला तो हिमाचा थरच वीज नसताना दूध सांभाळत असे. फ्रॉस्ट फ्रीची कोरडी, फिरती हवा भाजीतला ओलावाही ओढून घेते. म्हणून त्यात भाजीचा ट्रे झाकणबंद लागतो, आणि उघडी ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत मान टाकते.

फ्रीजर खाली असलेले किंवा शेजारी-शेजारी दारे असलेले फ्रिज सहसा महाग असतात. पंखा आल्यावर फ्रीजर वरच ठेवण्याची सक्ती उरली नाही, हे खरे. तरीही वरची जागा टिकली, कारण कॉम्प्रेसरच्या उष्णतेपासून सर्वांत थंड भाग दूर राहतो, हवेची वाहिनी आखूड व सरळ होते आणि बांधणी स्वस्त पडते.

आता यंत्राची वाट जवळून पाहता येईल. खाली पाठीमागे काळा गोल कॉम्प्रेसर वाफ दाबतो. दाबलेली गरम वाफ कंडेन्सरमध्ये जाऊन उष्णता सोडते व द्रव होते. जुन्या फ्रिजमध्ये कंडेन्सर पाठीवर काळ्या जाळीसारखा दिसे, आता तो बहुधा बाजूच्या पत्र्यांआड असतो, म्हणून बाजू हाताला कोमट लागतात आणि नवा फ्रिज घेतलेली माणसे घाबरतात. द्रव पुढे फिल्टरमधून, आणि मग केसासारख्या बारीक छिद्राच्या लांब कॅपिलरी नळीतून जातो. तिच्या टोकाला दाब एकदम उतरतो आणि फ्रीजरमागच्या वेटोळ्यात द्रव उकळून वाफ होतो. माठाच्या अंगावर घडते तेच येथे उणे वीस अंशांच्या आसपास घडते. तेथून पंख्याने ढकललेली हवा फ्रीजरमध्ये पसरते, डँपर नावाच्या झडपेतून खाली उतरते, फळ्यांवरून भाजीच्या ट्रेपर्यंत जाते आणि परतीच्या झरोक्यांतून पुन्हा वर वेटोळ्याकडे येते. अनेक मॉडेलांत दोन खटके असतात, आणि त्यांतला एकच तापमान ठरवतो. दुसरा केवळ डँपर कमीजास्त उघडतो. फ्रीजरचा खटका सर्वांत थंड आकड्यावर नेला की खाली उतरणारी हवा तुटते, आणि वर दगडासारखा बर्फ असताना खाली दही आंबट होते.

याच ठिकाणी सर्वांत महाग गैरसमज होतो. वर थंडी आहे पण खाली नाही, अशी तक्रार आली की ‘गॅस संपला’ असे सांगितले जाते. प्रशीतक हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षे फिरतो आणि गळती झाली तरच कमी होतो. वरचे खाली पोचत नसेल तर आधी हवेच्या वाटेचा संशय घ्यावा : पंखा फिरतो का, डँपर अडकला का, हीटर, टायमर किंवा बायमेटल नावाचा तापमानाचा खटका निकामी होऊन वेटोळे हिमाने बुजले का. तसेच भाजीच्या ट्रेखाली वारंवार पाणी साचत असेल, तर वितळलेले पाणी बाहेर नेणारे बोटाएवढे छिद्र तुंबलेले असते. वाळलेले पान, दुधाची साय किंवा हिमाचा खडा एवढे त्याला पुरते. कोमट पाणी सोडून आणि मऊ नळी घालून ते मोकळे होते. दाराच्या रबरात चुंबकपट्टी असते. कागदाचा तुकडा दारात धरून ओढला असता तो सहज निसटला, तर रबर तेथे सैल झाले आहे.

मापाचा विचार बाजारात केवळ लिटरांत होतो, आणि प्रस्तुत पुस्तकाचा याला स्पष्ट विरोध आहे. लेबलावर एकूण आकारमान आणि प्रत्यक्ष साठवणीचे आकारमान असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा महत्त्वाचा. त्यातही २५० लिटरांच्या आसपासच्या फ्रिजमध्ये साधारण पाचवा ते चौथा हिस्सा फ्रीजरचा असतो. ज्या घरात मांस-मासे गोठवले जात नाहीत, मटार हंगामापुरताच साठवला जातो आणि फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेखेरीज फारसे काही नसते, तेथे ते लिटर पैसे देऊन रिकामे ठेवले जातात. अशा घरांना फ्रीजरचे साध्या कप्प्यात रूपांतर करता येणारी मॉडेले अधिक उपयोगाची ठरतात. दाराचे खणही मुळात अंडी, लोणी आणि बाटल्या यांच्या हिशेबाने आखलेले आहेत, तर येथील स्वयंपाकघर पातेल्यांचे आहे. २४ सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात ५ लिटर दूध सुमारे ११ सेंटिमीटरपर्यंत येते. वरची कड, झाकण आणि हवेसाठी दोन बोटे जागा धरली तर दोन फळ्यांत १८ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. दुकानात लिटर विचारण्याआधी घरातले सर्वांत मोठे पातेले मोजावे, हा या पुस्तकातील मापाचा पहिला नियम आहे.

दुसरा नियम उष्णतेचा. तेच ५ लिटर दूध ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता उपसावी लागते. यंत्राची उपसण्याची क्षमता १०० वॅट धरली आणि ती सगळी दुधासाठीच वापरली, तरी शंभर मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ शेजारची भाजी त्या उबेत बसते. धारेचे किंवा नुकते तापवलेले दूध आधी पाण्याच्या परातीत निवू द्यावे, हा आजीचा शिरस्ता या आकडेमोडीत पुरेपूर उतरतो. तिसरा नियम जागेचा. फ्रिजच्या हवामान-वर्गांपैकी ‘टी’ हा उष्ण कटिबंधीय वर्ग भोवतालचे तापमान ४३ अंशांपर्यंत धरतो. पत्र्याच्या छताखाली, भिंतीला खेटून आणि गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलेला फ्रिज मे महिन्यात ही मर्यादा गाठू शकतो, कारण त्याला आतली उष्णता टाकायला भोवती हवाच उरत नाही.

हे ज्ञान आज अधिक निकडीचे झाले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकने २००६ मध्ये सुरू झाली. त्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांची तुलना नव्या पाच ताऱ्यांशी होत नाही, आणि ग्राहकाने ताऱ्यांऐवजी वर्षाचे युनिट वाचणे शहाणपणाचे ठरते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे गती कमीजास्त करतो, म्हणून वीज वाचवतो. परंतु त्याचा सर्किट बोर्ड महाग असतो. अनेक घरांत इन्सुलिन आहे, जे २ ते ८ अंशांत राहावे लागते, गोठले तर वाया जाते, आणि म्हणून हवेच्या झरोक्यापासून व फ्रीजरपासून दूर, मधल्या फळीवर ठेवावे लागते. आर-६००ए मुळे दुरुस्तीची रीतही बदलली आहे. खोलीत साचलेल्या वायूजवळ ज्योत पेटवून नळी जोडण्याची जुनी सवय जिवावर बेतू शकते. आयटीआयतून रेफ्रिजरेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करून तालुक्याच्या गावी दुकान टाकणाऱ्या तरुणांच्या हाती आपल्या भाषेतली सामग्री असणे ही त्यांच्या सुरक्षिततेची बाब आहे, आणि पुस्तकातील सर्वांत कळकळीची पाने त्यांच्यासाठी लिहिलेली आहेत.

परिभाषेबाबत एक धोरण ठेवले आहे. प्रशीतक, अप्रकट उष्मा यांसारखे शब्द संकल्पना स्पष्ट करण्यापुरते वापरले असून सुट्या भागांसाठी दुकानात आणि कार्यशाळेत चालणारी नावेच, म्हणजे कंडेन्सर, कॅपिलरी, डँपर, रिले, रबर हीच, स्वीकारली आहेत, कारण ‘संघनक’ मागणाऱ्याला काउंटरवर काहीच मिळणार नाही. कोणत्याही एका कंपनीच्या मॉडेलाचे हे माहितीपत्रक नाही. नळी कापणे, वायू भरणे ही कामे प्रशिक्षित हातांचीच आहेत आणि ती घरी करण्याचे मार्गदर्शन येथे मिळणार नाही. वाचकाने पुस्तक शेजारी ठेवून, आधी प्लग काढून, फ्रिजच्या फळ्या एकेक बाहेर घ्याव्यात, मागच्या भिंतीवरचे झरोके बोटाने शोधावेत, आणि भाजीच्या ट्रेच्या मागे ते पाण्याचे लहान छिद्र सापडते का, तेवढे पाहून पहिल्या प्रकरणाकडे वळावे.